वळणावरची दुसरी शिट्टी

१

दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि खुंटी रिकामी होती.

स्टेशनमास्तरीणबाई खुंटीसमोर उभ्या होत्या. एका हातात गाडी सोडायचं पुस्तक, दुसरा हात पुढे जाऊन मध्येच थांबलेला. त्यांनी टेबलाखाली बघितलं, दारामागे बघितलं, मग स्टुलावर चढून कपाटावरही बघितलं. हरवलेली वस्तू माणूस आधी असेल तिथे शोधतो आणि मग नसेल तिथे, आणि बाई दुसऱ्या टप्प्यावर फार लवकर पोचल्या होत्या. मी पाण्याची बाटली भरायला म्हणून त्या खोलीच्या दारात उभी होते. बाहेर छोटं इंजिन वाफ सोडत होतं आणि चार डब्यांत त्रेचाळीस माणसं परत खाली जायची वाट बघत बसली होती.

हरवला होता तो दांडा. हा काय प्रकार आहे ते मला स्वतःला त्याच दिवशी सकाळी कळलं होतं, म्हणून आधी सांगून टाकते. त्या डोंगरी मार्गावर रूळ एकच. वरून एक आणि खालून एक अशा दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून फार पूर्वी कुणीतरी सोपी युक्ती काढली: हातभर लांबीचा एक लाकडी दांडा करायचा, त्याच्या टोकाला पितळेची किल्ली बसवायची, आणि तो ज्या चालकाकडे असेल त्यानेच गाडी काढायची. दांडा एकच, म्हणून रुळावर गाडीही एकच. मी शाळेत गणित शिकवते. इतकी छोटी आणि इतकी बिनचूक सिद्धता मी पुस्तकातसुद्धा क्वचित बघितली आहे.

चालक आत आला. पस्तिशीतला, काजळीने काळवंडलेला, अबोल माणूस. त्याने खुंटीकडे बघितलं आणि भिंतीला हात टेकला.

"मी तुमच्या हातात दिला होता," तो म्हणाला.

"दिला होतास. मी अडकवलाही होता," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण वरचे साहेब कुणाला धरतील ते तुला माहीत आहे. आजची तारीख बघ. एकतीस वर्षांपूर्वी याच दिवशी तुझे वडील—"

आणि मी तिथे आहे हे लक्षात येऊन त्या गप्प बसल्या.

२

ही सहल मावशीची. मावशी अडुसष्ट वर्षांची. चाळीस वर्षं तिने किल्ल्या करायचं दुकान चालवलं. माणूस भेटला की लोक चेहरा बघतात, मावशी त्याच्या कमरेचा जुडगा बघते. दुकान बंद केल्यापासून तिला दर महिन्याला कुठेतरी जायचं असतं आणि दर महिन्याला मीच मोकळी असते. पहाटेच्या पॅसेंजरने आम्ही जंक्शनला पोचलो, पूल ओलांडला, आणि पलीकडच्या फलाटावर ते खेळण्याएवढं इंजिन धूर सोडत उभं होतं. मावशी म्हणाली, "अग, याला चावी कुठून देतात?"

आमच्या समोरच्या बाकावर साठी उलटलेल्या एक बाई बसल्या होत्या. राखाडी कोट, मांडीवर पिशवी. शेजारची खिडकीची जागा रिकामी होती. मी तिथे माझी पिशवी ठेवायला गेले तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तिथे माणूस आहे." मी पिशवी उचलली. गाडी सुटली तरी माणूस आला नाही. मग तिकिटं तपासायला गार्डकाका आले, पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीला आलेले, मुलांना टोपी घालायला देणारे. बाईंनी दोन तिकिटं पुढे केली. गार्डकाकांनी दोन्ही टोचली आणि रिकाम्या जागेकडे न बघता पुढे गेले. मावशीने मला कोपराने ढोसलं.

गाडी वळणं घेत चढत होती. आमच्या डब्यात कोळशाचे कण उडून येत होते आणि माझ्या पांढऱ्या ओढणीची सकाळीच वाट लागली. अर्ध्या वाटेवर पाण्याचा थांबा आला. गार्डकाकांनी लाल बावटा फडकावून गाडी नेमक्या जागी उभी करवली. इथे एक मालडबा बाजूच्या रुळावर सोडायचा होता, आणि त्या रुळाच्या सांध्याला कुलूप होतं. ते कुलूप दांड्याच्या टोकाच्या किल्लीनेच उघडतं. चालकाने किल्ली घातली, फिरवली, जरा मागे ओढली, पुन्हा फिरवली. कुलूप काही ऐकेना.

"रोजचेच नखरे आहेत हिचे," तो हसून म्हणाला.

मावशी अर्थातच खाली उतरून त्याच्या खांद्यावरून बघत होती. "नखरे नाहीत. किल्ली ओतीव नाहीये. कुणीतरी हाताने कानस मारून केलीय. बघ, दाते एका बाजूला उतरते आहेत. डावखुरा माणूस असणार," ती म्हणाली. चालक म्हणाला, दांडा शंभर वर्षांचा, कारखान्यातून आलेला, असा एकच आहे. मावशी म्हणाली, असेल बाबा. तेवढ्यात कुलूप उघडलं. गार्डकाका घड्याळ हातात धरून शेजारीच उभे होते. राखाडी कोटातल्या बाई खिडकीतून ऐकत होत्या.

थांब्याच्या वर एक लांब वळण आहे आणि समोर उघडा कातळकडा. वळणाआधी आमच्या इंजिनाने लांब शिट्टी दिली. ती थांबली, आणि मग समोरून, वरच्या अंगाने, दुसरी शिट्टी आली. अगदी स्पष्ट. जणू वरून एक गाडी आमच्या अंगावर उतरत होती. मी बाकाची कड घट्ट धरली. डब्यातली मुलंसुद्धा चिडीचूप झाली. दारात उभ्या गार्डकाकांनी टोपी काढून हातात घेतली. "कड्यावरून आवाज परत येतो, घाबरू नका," ते सगळ्यांना म्हणाले, पण त्यांचा स्वतःचा चेहरा पिठासारखा झाला होता.

समोरच्या बाई रिकाम्या जागेकडे वळून हळूच म्हणाल्या, "ऐकलंत?"

वर पोचल्यावर मावशीने चहा पाजून त्यांना बोलतं केलं. त्यांचे यजमान याच मार्गावर चालक होते. एकतीस वर्षांपूर्वी या तारखेला ते एक सुटं इंजिन घेऊन वरून खाली निघाले, आणि त्या वळणावर खालून चढणाऱ्या गाडीशी त्यांची टक्कर झाली. ते गेले, त्यांचा फायरमन गेला, पहिल्या डब्यातल्या एक शिक्षिका गेल्या. चौकशी तीन दिवसांत आटोपली, कारण शोधण्यासारखं काही नव्हतंच. दांडा खालून येणाऱ्या इंजिनात सापडला. दांडा एकच. म्हणजे वरून निघालेला माणूस दांड्याशिवाय निघाला होता. त्या फायरमनची आई पुढे मरेपर्यंत यांच्या दाराकडे बघून थुंकत असे. यांचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.

"तोच आज गाडी चालवतोय," बाई म्हणाल्या. "नको म्हटलं होतं मी. निदान या दिवशी तरी नको."

जेवणानंतर मी फलाटावर ऊन खात बसले आणि इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणताना बघितलं. गार्डकाका हिरवा बावटा हलवत मागे मागे चालत होते. लाल बावटा गुंडाळून त्यांनी पट्ट्यात खोचला होता. इंजिन डब्याला टेकायच्या बेतात आलं तेव्हा त्यांनी हिरवा बावटा खाली टाकला आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. इंजिन थांबलं. कुणीतरी पिस्तूल रोखल्यासारखे ते दिसत होते, म्हणून मुलं हसली, आणि मीही हसले.

त्यानंतर वीस मिनिटांनी खुंटी रिकामी सापडली.

३

शोधाशोध गार्डकाकांनीच हाती घेतली. स्टेशनची खोली झाली, चारही डबे झाले, प्रवाशांच्या पिशव्या झाल्या, इंजिनावरचा कोळसा उपसून झाला. बावटे काखोटीला मारून ते सगळीकडे पुढे होते आणि लोकांना धीर देत होते. दांडा मिळाला नाही. जंक्शनच्या साहेबांनी फोनवर सांगितलं की प्रवाशांसाठी रस्त्याने बस पाठवली आहे, ती पाचला पोचेल. चालकाने तोवर दांडा हजर करावा, नाहीतर बसमधून थेट कचेरीत यावं आणि पुन्हा इंजिनाला हात लावू नये. शेवटी साहेब असंही म्हणाले की खाण तशी माती, यात नवल काय. मास्तरीणबाईंनी हे वाक्य चालकाला सांगितलं नव्हतं, पण फोनचा आवाज मोठा होता.

चालक इंजिनाच्या पायरीवर जाऊन बसला. "काका, मी खरंच दिला होता हो," तो गार्डकाकांना लहान मुलासारखं म्हणाला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आपण साहेबांशी बोलू म्हणाले.

मावशीने हे बघितलं आणि पदर खोचला. आपला काय संबंध, असं मी म्हणून बघितलं. ती म्हणाली, "त्या पोराचं तोंड बघ आणि मग मला संबंध विचार."

आधी तिने मास्तरीणबाईंना गाठलं. त्या तडकल्याच. दांडा त्यांनी सव्वाबारालाच खुंटीला लावला होता. साडेबारा ते सव्वा त्या मागच्या घरात सासऱ्यांना जेवण वाढायला गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं, कारण पाण्याचा माठ आत आहे आणि कुणीही येऊन पाणी पितं. आल्यावर खुंटीकडे बघितलं का, असं मावशीने विचारलं. "रोज तिथेच असतो तो. तुम्ही रोज भिंत आहे का ते बघता?" त्यांची तीन वर्षं बदली अडकली आहे आणि हा मार्ग बंद झाला तर त्या पेढे वाटतील, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की जेवण वाढताना घराच्या खिडकीतून त्यांनी चालकाच्या आईला खोलीकडे येताना पाहिलं होतं. पोराने आज गाडी नेऊ नये म्हणून ती काय वाटेल ते करेल, असं त्यांचं मत पडलं.

चालकाकडून फारसं काही निघालं नाही. गाडी लागल्यापासून तो आणि फायरमन इंजिनाची राख काढत होते, मग डब्यांच्या दुसऱ्या टोकाला इंजिन लावलं. दोघं एकमेकांच्या नजरेआड झाले नव्हते.

राहिल्या त्या राखाडी कोटातल्या बाई. त्या डब्यात आपल्या जागेवर बसल्या होत्या, शेजारची जागा तशीच मोकळी. मावशीने सरळच विचारलं, खोलीत गेला होता का.

"दरवर्षी जाते. दांड्याला हात लावते. त्यांच्या हातात नव्हता म्हणतात ना, म्हणून मी लावते."

"आज लावला?"

"नव्हता खुंटीला. एकला दहा कमी होते."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. "मला आनंद झाला हो ताई. वाटलं, यांनीच काढून नेला. आज पोराची गाडी त्या वळणावरून उतरू नये म्हणून यांनीच नेला." मग त्यांचे डोळे भरून आले. "आता कळतंय, याचंही तेच होणार. बापाचं नाव गेलं ते गेलंच, आता याचंही जाणार."

खोलीत दुसरं कुणी होतं का, असं मावशीने विचारलं. कुणी नव्हतं, त्या म्हणाल्या. गार्डभाऊजी तेवढे पाणी पिऊन बाहेर पडत होते. ते तर घरचेच. यजमान गेल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा हाच एक माणूस दर आठवड्याला यायचा. पोराला सायकल त्यांनी शिकवली, आणि रेल्वेत चिकटवलं तेही त्यांनीच.

मावशी गाडीतून उतरली ती एकदम गप्प. तिला गप्प बघितलं की मला धास्ती वाटते.

४

फलाटाच्या टोकापर्यंत आम्ही चालत गेलो. साडेतीन झाले होते. कड्याच्या बाजूने धुकं वर सरकत होतं आणि इंजिनाची वाफ त्यात मिसळून जात होती.

"तू गणितवाली ना," मावशी म्हणाली. "सांग. एकतीस वर्षं दांडा त्या उघड्या खोलीत, त्या खुंटीला. कुणी हात लावला नाही. मग आजच का?"

"आज ती तारीख आहे."

"तारीख दरवर्षी येते. तारखेला काही नवीन नाही. आज नवीन काय आहे?"

मी विचार केला. इंजिन तेच, माणसं तीच, बाई दरवर्षीच्याच, तिकिटंही दरवर्षीसारखी दोन. मी तसं सांगितलं.

"मी," मावशी म्हणाली. "आज नवीन मी आहे. जन्मभर धंदा कुलपांचा केला आणि माझ्या तोंडाला मात्र कुलूप नाही. किल्ली हाताने केलेली आहे, हे मी सगळ्यांसमोर बोलले. दुपारच्या आत दांडा गायब झाला. कुणालातरी तो पुन्हा माझ्या हाती पडू द्यायचा नव्हता."

मग तिने मला दुसरं गणित घातलं. दांडा शंभर वर्षांपूर्वी कारखान्यात झाला, एकच झाला, त्याची किल्ली ओतीव असायला हवी. जी रोज वापरात आहे ती कानशीने घासलेली आहे. म्हणजे वापरात आहे ती नक्कल. आणि ही नक्कल कुठे सापडली होती? टकरीच्या दिवशी, खालून येणाऱ्या इंजिनात.

उत्तर समोरच होतं. दांडे दोन होते. नक्कल खालच्या गाडीत असेल, तर अस्सल कुठे होता? तो वरून निघालेल्या माणसाकडेच असायला हवा होता.

"पण चौकशीत कुणालाच कसं कळलं नाही?" मी विचारलं.

"दांडा एकच असतो हे सगळ्यांना इतकं पाठ होतं की कुणी मोजलेच नाहीत. एक मिळाला, संपलं." मावशी थांबली. "आता सांग, आज तो आहे कुठे? इतक्या लोकांनी सगळं पालथं घातलं."

सगळं म्हणजे काय काय, ते मी मनात मोजायला लागले. खोली, डबे, पिशव्या, कोळसा. शोधणारा माणूस सगळीकडे पुढे होता. त्याच्या काखोटीला बावटे होते. आणि मला ते दोन वर केलेले हात आठवले. सकाळी याच माणसाने गाडी थांबवायला लाल बावटा फडकावला होता. दुपारी लाल बावटा पट्ट्यात असताना त्याने तो उलगडला नाही.

मी मावशीला सांगितलं. ती मटकन तिथल्या बाकावर बसली. तिला हे उत्तर नको होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

५

स्टेशनच्या खोलीत आम्ही सहाजण होतो: मावशी, मी, मास्तरीणबाई, चालक, त्याची आई आणि गार्डकाका. मास्तरीणबाईंनी दार लावून घेतलं. मावशीने कुणावर आवाज चढवला नाही. तिने फक्त गार्डकाकांसमोर खुर्ची सरकवली आणि म्हणाली, "भाऊ, बसा. आणि तो लाल बावटा जरा उघडून दाखवा."

गार्डकाका बसले नाहीत. "कशाला?"

"दुपारी इंजिन थांबवायला तुम्ही दोन्ही हात वर केलेत. बावटा जवळ असताना."

चालक हसलाच आधी, काहीतरी गैरसमज होतोय म्हणून. मग त्याने काकांकडे बघितलं आणि त्याचं हसू विरलं. काकांनी डाव्या हाताने बावट्याची दोरी सोडली. कापड उलगडलं, आणि दांडा टेबलावर पडून गडगडत माझ्यापर्यंत आला.

मावशीने तो उचलला, उजेडात धरला, किल्लीवरून अंगठा फिरवला. "कानस तुमचीच," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

मग ते बोलायला लागले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. एकामागोमाग दोन गाड्या वर चढवायच्या झाल्या की दांडा वर राहायचा, आणि तो खाली आणायला कुणालातरी डोंगर उतरून चालत जावं लागायचं. हे काम नेहमी त्यांच्याच नशिबी. वरच्या त्या वेळच्या मास्तरांनी आणि त्यांनी मिळून नक्कल केली. फोनवर एकमेकांना विचारायचं आणि मगच दुसरा दांडा वापरायचा, असं ठरलं होतं. आठ महिने सगळं सुरळीत चाललं. त्या दिवशी फोन लागला नाही. वरचं इंजिन चारनंतर निघेल असं त्यांनी गृहीत धरलं आणि आपल्या चालकाला नक्कल दिली. वर मास्तरांनी अस्सल दांडा दिला. दोन्ही चालक हातात दांडा घेऊन, नियमाने निघाले.

"टक्कर झाल्यावर मी आधी वरच्या इंजिनाकडे धावलो," गार्डकाका म्हणाले. "दोन दांडे सापडले असते तर आम्ही दोघं आयुष्यभर तुरुंगात गेलो असतो. मास्तर पुढच्या वर्षी वारले. मग मी एकटाच उरलो."

चालकाची आई उठून उभी राहिली होती. तिचा आवाज अगदी साधा होता. "त्यांच्याकडे होता?"

"हातात होता वहिनी."

"घट्ट?"

गार्डकाकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग ते म्हणाले, "बोटं एकेक करून सोडवावी लागली."

चालक भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो न वळताच बोलला. "तुम्ही मला सायकल शिकवलीत, काका. मी पडलो की म्हणायचात, बापासारखा घाई करू नकोस."

मला आयुष्यात कुणाची इतकी चीड आणि इतकी कीव एकाच वेळी आलेली नाही. मावशीनेच शेवटी विचारलं, आज काय बेत होता. ते म्हणाले, हा दांडा दरीत टाकायचा, नवा करून येईल, आणि पोराची नोकरी आपण कशीही वाचवू असं त्यांना वाटलं होतं.

"एकदा बापाला पुढे केलंत तेव्हा तुम्ही सव्वीस वर्षांचे होता," मावशी म्हणाली. "भीतीपोटी केलंत असं म्हणता येईल. आज कितव्या वर्षी पोराला पुढे केलंत?"

मग बाईंनी विचारलं, "अस्सल कुठे आहे?" आणि गार्डकाका दार उघडून बाहेर पडले.

आम्ही मागोमाग गेलो. ते आपल्या गार्डच्या डब्यात चढले, बसायची फळी काढली, तिच्याखालची दुसरी फळी काढली, आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर आणलं. एकतीस वर्षं तो दांडा त्याच गाडीतून रोज वर-खाली करत होता. फेकायला कितीदा हात उचलला, पण टाकवला नाही, असं ते म्हणाले. रात्री झोपेत नव्हे तर दिवसाढवळ्या, त्या वळणावर शिट्टी परत आली की फळीखालून कुणीतरी ठोठावतंय असं त्यांना वाटायचं.

त्यांनी तो पुढे केला. चालकाने हात पुढे केला नाही. बाईंनी केला.

६

गार्डकाकांनी सगळा जबाब स्टेशनच्या पुस्तकात स्वतः लिहिला. डाव्या हाताने लिहिला, अक्षर कुठेही हललं नाही. सही त्यांची, साक्षीदार म्हणून मास्तरीणबाईंची आणि मावशीची. मास्तरीणबाईंनी जंक्शनला फोन लावला आणि दांडा मिळाला म्हणून कळवलं. साहेबांनी आधी चालकाची चौकशी सुरू केली. "साहेब, आधी ऐका," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुस्तकातलं पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर साहेबांनी त्याच चालकाला गाडी खाली आणायला सांगितलं. नक्कल कपाटात सीलबंद झाली, बसला फोन करून वाटेतूनच परत पाठवलं, आणि अस्सल दांडा घेऊन पावणेपाचला गाडी सुटली. गार्डाशिवाय गाडी सुटत नाही आणि दुसरा गार्ड तिथे नव्हता. त्यामुळे हिरवा बावटा गार्डकाकांनीच दाखवला.

वळणाआधी चालकाने शिट्टी दिली. ती मला सकाळपेक्षा लांब वाटली. कड्यावरून दुसरी आली. मी सकाळसारखीच पुन्हा बाकाची कड धरली. प्रतिध्वनी आहे हे माहीत असूनही धरली. बाईंनी या वेळी रिकाम्या जागेला काही विचारलं नाही. त्यांनी नुसतं ऐकलं.

पाण्याच्या थांब्यावर मालडबा परत घ्यायचा होता. चालक खिडकीशी आला आणि दांडा आत सरकवून म्हणाला, "आई, तू उघड." बाई उतरल्या. कोटाने दांडा पुसला, किल्ली कुलपात घातली. मावशी शेजारी उभी होती, पण तिने हात लावला नाही. किल्ली एका फेऱ्यात फिरली. आवाजही फारसा झाला नाही. मावशी नाक ओढत म्हणाली, "अशी असते ओतीव किल्ली," आणि धूर डोळ्यांत गेल्याचं मला दोनदा सांगितलं.

जंक्शन जवळ आलं तसे गार्डकाका तिकिटं तपासायला आले. परतीच्या वाटेवरही तिकीट टोचायचा नियम आहे. आमची झाली. समोरच्या बाकाशी ते थांबले. हातातलं टोचायचं यंत्र त्यांनी खाली केलं आणि पुढे जायला निघाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही तिकिटं पुढे धरली. "दोन्ही टोचा. ते नियमाने निघाले होते."

गार्डकाकांनी आधी त्यांचं तिकीट टोचलं. मग दुसरं घेतलं, त्या खिडकीच्या जागेकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं, आणि तेही टोचलं. कागदाचा एवढासा गोल तुकडा रिकाम्या जागेवर पडला. बाईंनी तो झटकला नाही. जंक्शन आल्यावर त्या उठल्या, पिशवी घेतली, आणि पुढच्या वर्षी एकच तिकीट काढीन असं मावशीला सांगून इंजिनाकडे, मुलाकडे चालत गेल्या.